एकच खोली तयार

"दाजी, मी गेलो तर माझा फोन तुमच्या पोराला द्या."

"त्या फोनला काच तरी शिल्लक आहे का? पोराची बोटं कापायची."

"मग चपला तुम्ही ठेवा."

"त्या माझ्याच आहेत. गप पड."

मेहुणा गप पडला. त्याला अजून बोलायचं होतं, पण खोकल्यानं आधी नंबर लावला. खालच्या खाटेवर पोटाशी पाय घेऊन तो पडला होता. अंगावर दोन ब्लँकेटं, तरी दात वाजत होते. हॉटेलच्या तळघरातली नोकरांची खोली ती. खिडकी नाही. वरच्या सगळ्या मजल्यांचे सांडपाण्याचे पाइप छताखालून गेलेले. हॉटेल भरलेलं असायचं तेव्हा वर कुणी आंघोळ केली की खाली खळखळ ऐकू यायची, आणि कुणी दुसरं काही केलं की तेही कळायचं. साथ आली, हॉटेल बंद झालं आणि पाइप मुके झाले. आता खोलीत आवाज होता तो फक्त या पोराच्या छातीचा. भोक पडलेल्या भात्यासारखा.

वॉचमन उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. तोंडाला फडकं, त्यावर पुन्हा हात.

"इस्त्री, तुला शेवटचं सांगतो," तो दाजींना म्हणाला. "संध्याकाळच्या आत याला इथून हलव. मला दमा आहे. याचं वारं मला लागलं तर मी काही उरत नाही."

"कुठं हलवू? डोक्यावर घेऊन फिरू?"

"दवाखान्यात ने."

"काल नेला होता की. फाटकातूनच परत पाठवला. गोळ्यांची पुडी हातात दिली आणि म्हणाले, श्वास लागला की आणा. म्हणजे मरायला टेकला की आणा, तोवर आणू नका."

"मग गावाला पाठव."

गावानं वेशीवर काटेरी फांद्या आणून टाकल्या होत्या. काठ्या घेऊन पोरं बसवली होती. जी पोरं परवापर्यंत शहरातून येणाऱ्याच्या पिशवीकडं बघत बसायची, तीच आता तो आला तर दगड मारायला बसली होती. ही बातमी इस्त्रीच्या बायकोनं फोनवर दिली होती, आणि वर म्हणाली होती, "येऊ नका. आलात तर मलाही घरात कोंडतील." आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशातली गत.

इस्त्री हे काही त्याचं जन्माचं नाव नव्हे. पण आईबापानं ठेवलेलं नाव पगाराचा दिवस सोडला तर कुणी घेत नसे. त्यानं घातलेल्या बिछान्यावर सुरकुती शोधून दाखवावी, असं हॉटेलात म्हणत, म्हणून इस्त्री. मिसरूड फुटायच्या आधी चुलत्याच्या मागं मागं तो या शहरात आला. चुलता याच हॉटेलच्या धोबीखान्यात होता. पोरानं आधी ओल्या चादरी पिळल्या, मग चादरींच्या गाड्या ढकलल्या. मग एकदा वरचा माणूस आजारी पडला म्हणून त्याला खोल्या करायला वर पाठवलं, तो पुन्हा खाली आलाच नाही. बिचारा वरचा माणूस बरा होऊन आला तेव्हा त्याला धोबीखान्यात जावं लागलं. इस्त्रीला याचं कधी वाईट वाटलं नाही. तेव्हा तो तरुण होता आणि त्याला वाटायचं, ज्याचा हात चांगला त्याची जागा.

खोली करणं म्हणजे काय, याचं शास्त्र चुलत्यानं त्याला दोन वाक्यांत सांगितलं होतं. पाहुण्यानं दार उघडलं की त्याला वाटलं पाहिजे, आपल्या आधी इथं कुणी शिंकलंसुद्धा नाही. आणि ज्यानं हे केलं तोही दिसता कामा नये. मग आदल्या रात्री त्या खोलीत कुणी पिऊन ओकलेलं असो, कुणाचा संसार मोडलेला असो, दुपारच्या आत सगळं पुसून निघायचं. केस नको, डाग नको, वास नको. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडून गादीखाली ढकलायचा आणि वरून तळहात फिरवायचा. पेला कागदावर उपडा घालायचा. न्हाणीघरातल्या कागदाच्या गुंडाळीचं पहिलं टोक दुमडून त्रिकोण करायचा, म्हणजे पाहुण्याला कळतं की ही गुंडाळी आपल्याच वाट्याची. इस्त्रीनं इतकी वर्षं हेच केलं होतं. इतकं, की सुट्टीला गावी गेला तरी हात थांबत नसत. बायको उठून चुलीपाशी जाते न जाते तोवर याचं अंथरूण आवळून तयार. "एकदा माझी आई जरा जास्त झोपली," ती शेजारणीला सांगायची, "तर या माणसानं तिच्यासकट घडी घातली असती."

ही सासू आणि हा मेहुणा दोघंही इस्त्रीच्याच जिवावर होते. सासरा गेल्यावर सासू लेकीकडं राहायला आली आणि येताना हे शेंडेफळ घेऊन आली. पोरगं गावात नुसतं उंडारायचं. "तुमच्याकडं चिकटवा त्याला कुठंतरी," असं बायकोनं वर्षभर टुमणं लावलं, तेव्हा इस्त्रीनं मॅनेजरच्या हातापाया पडून त्याला भांडीघरात लावला. मेहुणा सगळ्यांना सांगायचा, "दाजींनी मला शहर दाखवलं, पण साबणाच्या पाण्याखालून." त्याचे हात कोपरापर्यंत कायम फुगलेले असत. तोंड मात्र कोरडं, आणि चालू.

हॉटेल बंद झालं त्या दिवशी मॅनेजरनं सगळ्यांना मागच्या अंगणात उभं केलं. मॅनेजर तसा वाईट माणूस नव्हता. मालक ज्या बाजूला वाकवील त्या बाजूला वाकायचा, इतकंच. "आपापल्या गावी जा, उघडलं की बोलावू," तो म्हणाला. स्वयंपाकी, वाढपी, धोबी, दारात सलाम ठोकणारा तो उंच माणूससुद्धा, सगळे पिशव्या घेऊन निघाले. काही ट्रकमधून गेले, काही पायीच. मागं ठेवले तिघे. फाटकावर वॉचमन, वर बघायला इस्त्री आणि इस्त्रीनं गयावया केली म्हणून, नुसत्या जेवणावर, मेहुणा.

बंद हॉटेललाही काम असतं. प्रत्येक खोलीत जाऊन नळ सोडायचे, संडासात पाणी ओतायचं, नाहीतर मोरीच्या वळणातलं पाणी आटतं आणि गटाराचा वास वर येतो. खिडक्या थोडा वेळ उघडायच्या, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. बाकी खोल्या उघड्याबोडक्या करून ठेवल्या होत्या. गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून भिंतीला उभ्या, पडदे काढलेले, फ्रिजची दारं उघडी आणि त्यांत फडकं खोचलेलं. मॅनेजर जाताना बोट नाचवून म्हणाला होता, "वर फक्त पाण्यापुरतं जायचं. कुणी तिथं पाठ टेकलीय असं कळलं तर त्याच दिवशी बाहेर. आणि नीट राहिलास इस्त्री, तर उघडल्यावर पहिला तू." बायको, पोरगा, सासू, गळकं छप्पर, सगळं या एका वाक्याला लटकलेलं होतं. बाकीच्यांना तेवढंही वाक्य मिळालं नव्हतं.

आणि आता मेहुणा खाटेवर कण्हत होता आणि वॉचमन दारात उभा होता.

"माझं ऐक," वॉचमन आवाज उतरवून म्हणाला. "वर एवढं रान रिकामं पडलंय. खिडकी आहे, न्हाणीघर आहे, कुणाचा संबंध नाही. इथं ठेवलास तर तिघं मरू."

"मॅनेजर?"

"त्याला कोण सांगणार? तो त्याच्या घरात कुलपात आहे." वॉचमननं चाव्यांचा जुडगा कमरेचा सोडला आणि बाहेरच्या स्टुलावर ठेवला. "मी जातो फाटकावर. चाव्या कुठंतरी विसरायची मला वाईट खोड आहे."

तिसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला, शेवटची खोली होती. तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या आंधळ्या भिंतीवर उघडायची, म्हणून पाहुणे ती मागत नसत. तीच इस्त्रीनं निवडली. लिफ्ट बंद. मेहुण्याला पाठीवर घेऊन तो जिने चढला. पोरगं वाळलेलं होतं, तरी दुसऱ्या मजल्यावर त्याला पायरीवर बसावं लागलं.

"दाजी, मला ओझं म्हणता, पण आज पहिल्यांदा उचललंत."

"बोलू नकोस. बोललास की जड होतोस."

खोलीत त्याला खुर्चीत बसवून इस्त्रीनं गादी पलंगावर आडवी केली, चादर आणली. मेहुणा खुर्चीत डोलत होता, ताप डोळ्यांत उतरलेला. इस्त्री कोपरे घालत होता. एक, मग दुसरा. तिसरा मनासारखा बसला नाही म्हणून उपसला आणि पुन्हा घातला.

"दाजी, नुसती पसरा की. मला मरायचंय तिच्यावर."

"झालं, झालं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभ अजून जळलाही नव्हता.

पुढचे दिवस इस्त्रीनं कसे काढले ते त्याचं त्याला. खाली गॅसवर भात आणि पातळ डाळ शिजवायची, वर नेऊन दाराशी ठेवायची, दार वाजवून चार पावलं मागं सरकायचं. मेहुणा आतून ओरडायचा, "कोण आहे? मी काही मागवलं नाही." बरं वाटत असलं की ओरडायचा. ज्या दिवशी ओरडला नाही त्या दिवशी इस्त्री तोंडाला दुहेरी फडकं बांधून आत गेला, त्याला उठवून बसवलं, गरम पाण्याच्या भांड्यावर डोकं धरलं, पाठ चोळली. पोराचे ओठ काळपट दिसत होते. इस्त्रीनं पुन्हा दवाखान्याला फोन लावला, तो कुणी उचलला नाही.

बायकोचा फोन मात्र रोज यायचा.

"कसा आहे तो?"

"आहे."

"आहे म्हणजे? त्याला काही झालं तर मी आईला काय तोंड दाखवू?"

"आणि मला झालं तर?"

"तुम्हाला काय होतंय. तुम्ही नोकरी सोडून मरणार नाही."

तिला तसं म्हणायचं नव्हतं, किंवा होतं. इस्त्री जिन्यात बसून राहिला.

मग एका सकाळी दार वाजवल्यावर आतून आवाज आला, "आज अंडं नाही का? या हॉटेलचं नाव ऐकून आलो होतो." इस्त्री भिंतीला टेकला. डोळे भरून यावेत असा तो माणूस नव्हता, त्यानं फक्त हातातलं ताट खाली ठेवलं.

"दाजी, एक विचारू?" मेहुणा आतून म्हणाला. आता तो उशीला टेकून बसत होता. "ही चादर पायाकडं इतकी आवळता कशाला? पायाचे अंगठे मोडायची वेळ येते. पाहुणे काही म्हणत नाहीत?"

"नाही."

"इतक्या वर्षांत कुणीच नाही? मग लाथ मारून काढत असणार सगळे. तुम्ही तिकडं खोचताय, ते इकडं उपसतायत."

इस्त्रीनं स्वतः त्या गाद्यांवर कधी पाठ टेकली नव्हती. त्याला हे माहीत नव्हतं. त्याला थोडा रागच आला.

ताप उतरला, खोकला राहिला. पोरगं उभं राहू लागलं, जिना चढलं तर बसावं लागे, पण उतरता येत होतं. वॉचमनकडून वरच्या खोलीसाठी आणखी चार दिवस मागून घेतले, ते सरल्यावर इस्त्रीनं मेहुण्याला खाली आणला आणि त्या दुपारी तो वरची खोली साफ करायला गेला. आजाराची एकही खूण मागं राहता कामा नये, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं खिडकी सताड उघडली. चादर, अभ्रे, ब्लँकेटं उकळत्या पाण्यात टाकली. जमीन औषधाच्या पाण्यानं दोनदा पुसली. न्हाणीघर घासलं, नळ घासले, दाराची मूठ घासली, दिव्याचं बटणसुद्धा घासलं. आणि मग, जसं हजारो वेळा केलं होतं तसंच, गोदामातून धुतलेली चादर आणली. कोपरे घातले. उशा फुगवून उभ्या केल्या. टॉवेल घडी करून टांगला. पेला कागदावर उपडा. न्हाणीघरातल्या गुंडाळीला त्रिकोण. दारात उभं राहून एकदा सगळीकडं नजर फिरवली, पलंगाजवळ जाऊन एक सुरकुती तळहातानं मोडली, आणि दार ओढून घेतलं.

कुणीही शहाणा माणूस म्हणेल, अरे, बाकी सगळ्या खोल्यांत गाद्या भिंतीला उभ्या आहेत, धुळीचा थर आहे, मग एकाच खोलीत चादर कशाला? पण इस्त्रीच्या डोक्यात खोली साफ होणं आणि खोली तयार होणं या दोन गोष्टी नव्हत्याच. उघडी गादी म्हणजे अर्धवट काम. माणूस राहून गेल्याची खूण पुसायची तर अशीच पुसायची असते, हेच तो पोरपणापासून शिकला होता. त्या संध्याकाळी, कितीतरी दिवसांनी, तो पोटभर जेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मॅनेजर सकाळीच फाटकात उभा राहिला. सोबत मालक आणि एक सरकारी बाई, तोंडावर मास्क आणि त्यावर प्लास्टिकची काच. परगावाहून येणाऱ्या आणि तापानं आजारी असलेल्या माणसांना वेगळं ठेवायला सरकार इमारती शोधत होतं. मालकाला हॉटेल द्यायचं होतं. मोकळं पडण्यापेक्षा बरं.

"खोल्या उघड," मॅनेजर म्हणाला. इस्त्री जुडगा घेऊन पुढं झाला.

पहिल्या मजल्यावर बाई नाक मुरडत होत्या. धूळ, प्लास्टिक, कुबट वास. दुसऱ्यावर त्या म्हणाल्या, "याला तर महिना लागेल." मालकाचा चेहरा पडला. तो मॅनेजरकडं बघायला लागला आणि मॅनेजर इस्त्रीकडं. तिसऱ्या मजल्यावर मागच्या टोकाशी आले तेव्हा इस्त्री जराही घाबरला नाही. उलट त्या सकाळी पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं. या खोलीला नाव ठेवायला जागा नाही, हे त्याला माहीत होतं. त्यानं दार उघडलं आणि पाहुण्यासाठी होतो तसा बाजूला झाला.

बाई आत गेल्या. उशीवरून हात फिरवला. न्हाणीघरात डोकावल्या.

"अहो, ही तर तयार आहे," त्या म्हणाल्या. "अशाच सगळ्या करायच्या म्हटलं तर किती वेळ लागेल?"

"आठवडा," मालक ताबडतोब म्हणाला. "ही नमुना म्हणूनच करून ठेवली होती."

"मग हरकत नाही."

मालक हसत होता. मॅनेजर हसत नव्हता. तो त्या चादरीच्या कोपऱ्याकडं बघत होता, मग त्रिकोणाकडं, मग इस्त्रीकडं. तेव्हा कुठं इस्त्रीला कळलं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात तसं काही झालं नाही. फरशी तिथंच होती, चकचकीत, दोनदा पुसलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मालक आणि बाई खाली गेल्यावर मॅनेजरनं त्याला आणि वॉचमनला मागच्या अंगणात घेतलं.

"कोण राहिलं होतं तिथं?"

"मी, साहेब," इस्त्री म्हणाला. "कंबर धरली होती. एक दिवस पडलो."

"तू?" मॅनेजर म्हणाला. "तू त्या गादीवर बसशील तर मी मिशा उतरवीन." तो वॉचमनकडं वळला. "तू सांग."

वॉचमननं खाली बघितलं. "साहेब, मला दमा आहे," त्यानं सुरुवात केली, आणि मग सगळंच सांगितलं. फक्त स्टुलावर विसरलेल्या चाव्या तो पुन्हा विसरला.

मॅनेजर दोन पावलं मागं सरकला. "ताप? हाच रोग?"

"तपासलं कुणी? फाटकातूनच..."

"आणि त्याच खोलीत मी त्या बाईंना नेलं. त्यांनी उशीला हात लावला."

"सगळं उकळलंय साहेब. औषधानं धुतलंय."

"धुतलंस म्हणूनच सापडलास, गाढवा. जशीच्या तशी धूळ टाकून ठेवली असतीस तर मी ढुंकून बघितलं नसतं." तो इकडून तिकडं फेऱ्या मारू लागला. "मालकाला आज ना उद्या कळणार. विचारणार, कोणाला काढलंस. काय सांगू? कुणालाच नाही?"

फेऱ्या मारता मारता तो इस्त्रीपाशी थांबला.

"तुला काढला तर खोल्या कोण करील? आठवड्यात हॉटेल द्यायचंय. तुला काढता येत नाही. तो भांडीवाला जाईल. तसंही जेवण बाहेरून बंद डब्यांत येणार, खाल्लं की डबा फेकायचा. भांडीच नाहीत, तर भांडीवाला कशाला?"

"साहेब, तो अजून जिना चढला की बसतो."

"मग त्याला जिनाच चढायचा नाही आता."

एक वाक्य इस्त्रीच्या दातांपर्यंत आलं होतं. तो जातो तर मीही जातो. असं म्हणणारी माणसं त्यानं पाहिली होती. गेल्या वर्षी एका वाढप्याच्या भावाला काढलं तेव्हा तो वाढपी एप्रन टेबलावर फेकून निघून गेला होता, आणि पुढं त्याचं काय झालं कुणालाच माहीत नव्हतं. इस्त्रीनं ते वाक्य तोंडात धरलं. मग सासू, बायको, पोरगा, छप्पर सगळे त्या वाक्यावर येऊन बसले आणि ते बाहेर पडेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी तोंडातून निघालं ते हे:

"आज नको साहेब. उद्या गावाकडचा भाजीचा टेम्पो येतो, त्यात बसवून देतो."

"उजाडायच्या आत. आणि इथं काय झालं ते त्यानं कुठं बोलायचं नाही."

"उपकार झाले," इस्त्री म्हणाला.

याचं त्याला पुढं कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं. पोराला काढलं त्याचं नव्हे, ते वाक्य गिळलं त्याचंही नव्हे. उपकार झाले, असं आपण म्हणालो त्याचं.

मेहुणा खाटेवर बसून शर्टाचं बटण लावत होता. इस्त्रीनं सांगितलं.

"तुम्ही काय म्हणालात?" सगळं ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं.

"काय म्हणणार."

"नाही, काहीतरी म्हणाला असाल."

"उपकार झाले म्हणालो."

मेहुण्यानं त्याच्याकडं बघितलं. मग पिशवी ओढली आणि कपडे कोंबायला लागला. इस्त्रीनं सवयीनं एक शर्ट उचलून घडी घालायला घेतला, तसा त्यानं तो हातातून काढून घेतला.

"घाण ठेवता आली नाही तुम्हाला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "एकदा, फक्त एकदा."

"मला येत नाही ते."

"तेच म्हणतोय."

टेम्पोवाल्यानं त्याला मागं, कोबीच्या पोत्यांत बसवला आणि वरून ताडपत्री ओढली. खोकायचं नाही, अशी अट होती. खोकला आला तर पोत्यात तोंड खुपसायचं. इस्त्री सोबत पाण्याची बाटली आणि भात देत होता. बाटली त्यानं घेतली.

त्या दिवशी बायकोचा फोन दुपारी आला.

"निघाला का?"

"निघाला."

"अंगात ताकद आहे?"

"येईल हळूहळू."

"तुम्ही?"

"मी इथंच. काम सुरू झालंय."

पलीकडं ती काहीतरी निवडत किंवा पाखडत असावी, तसा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"बरं झालं," ती म्हणाली. "दोघांतला एक तरी कामाला लागला."

हा टोमणा की समाधान, इस्त्रीला कळेना. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिच्या बोलण्यातलं हे एक त्याला कधीच कळलं नव्हतं. विचारायची सोय नव्हती.

आठवड्यात हॉटेल उभं राहिलं. मॅनेजरनं कुठून कुठून नवी माणसं आणली. त्यांतल्या कुणाला चादर उलटी-सुलटी कळत नव्हती, इस्त्री त्यांच्या मागं फिरून सगळं पुन्हा करत होता. मालक एकदा येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. "तुझ्या त्या खोलीनं काम झालं बघ," म्हणाला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मॅनेजरला सांगायची गरजच पडली नव्हती.

मग गाड्या यायला लागल्या. तोंड बांधलेली, खोकणारी, पिशव्या छातीशी धरलेली माणसं एकेक करून आत गेली. इस्त्रीनं आत जायचं नव्हतं. माणूस बरा होऊन गेला की मगच खोली करायची. तोवर दाराबाहेर जेवण ठेवायचं, दार वाजवायचं आणि मागं सरकायचं. हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

तो चादरींची गाडी भरत होता तेव्हा फोन वाजला.

"पोचलो," मेहुणा म्हणाला.

"कधी?"

"झाले दहा-बारा दिवस. वेशीवरच अडवलं, अजून शाळेत ठेवलंय. फळ्याखाली झोपतो."

"जेवायला?"

"ताई भिंतीवरून देते."

"खोकला?"

"आहे."

पूर्वी तो दर वाक्याला दाजी म्हणायचा, इतका की इस्त्री वैतागायचा. आता एवढा वेळ झाला तरी तो शब्द एकदाही आला नव्हता. इस्त्री वाट बघत राहिला.

"तिथं कोण आलंय?" मेहुण्यानं विचारलं. "हॉटेल चालू झालं म्हणे."

"झालं. तापाची माणसं ठेवलीत."

"कुठं?"

"खोल्यांत. कुठं ठेवणार."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. त्याचा लगेच खोकला झाला, आणि तो बराच वेळ चालला.

"म्हणजे महिनाभर उशिरा आजारी पडलो असतो," तो म्हणाला, "तर सरकारनं ठेवलं असतं मला तिथं."

"हो," इस्त्री म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

"बरं, ठेवतो. फोन मास्तरांचा आहे."

जिन्याच्या तोंडाशी मॅनेजरनं टाळी वाजवली. दुसऱ्या मजल्यावरची तीन माणसं आज सुटली होती आणि त्या खोल्यांसाठी खाली नव्या माणसांची गाडी येऊन उभी होती. इस्त्रीनं फोन खिशात टाकला. हातमोजे चढवले, तोंडाचा मास्क नाकावर ओढला. चादरींच्या गाडीचं पुढचं चाक आखडलं होतं. तेल घालणारा माणूसही हॉटेल बंद झालं त्याच दिवशी पिशवी घेऊन गेला होता आणि त्याला काही परत बोलावलेलं नव्हतं. इस्त्रीनं चाकाला एक लाथ घातली, ते सुटलं, आणि गाडी ढकलत तो निघाला.